ओनुमाचा चिमटा

किरितानीच्या सांध्यात चुंबक सापडला, आणि आमच्या प्रयोगशाळेत आठवडाभर कुणी मोठ्याने बोललं नाही. चांगली बातमी मोठ्याने बोलली की उडून जाते, अशी आमच्याकडे सगळ्यांची समजूत आहे. मी या प्रयोगशाळेची प्रमुख, मुलांकडे पुरावा मागण्यात माझा जन्म गेला. पण त्या आठवड्यात मीसुद्धा दबक्या आवाजातच बोलत होते.

आमचा धंदा सांध्यांचा. काचेसारखा दिसणारा, नखाएवढा टायटेनेटचा स्फटिक घ्यायचा आणि त्याच्यावर अ‍ॅल्युमिनेट नावाच्या दुसऱ्या ऑक्साइडचा पापुद्रा चढवायचा, अणूंचे थर एकावर एक मोजून. दोघांना एकेकटं घेतलं तर दोघेही मठ्ठ. वीज वाहू देत नाहीत, आणि चुंबकाशी त्यांना काही देणंघेणं नाही. पण पापुद्रा चार थरांचा झाला की दोघांच्या सांध्यात अचानक वीज धावायला लागते. तीन थरांपर्यंत शुकशुकाट, चौथ्याला धावपळ. हे आता सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. त्याच सांध्यात चुंबकही असतो का, यावर मात्र आमच्या लोकांची भांडणं चालू आहेत. काहींना दिसतो, काहींना दिसत नाही, आणि ज्यांना दिसत नाही ते ज्यांना दिसतो त्यांच्याकडे जरा संशयाने बघतात.

किरितानीला तो दिसला, आणि चांगला ठसठशीत दिसला. मुलगा डॉक्टरेटच्या शेवटच्या वर्षाला. फुकुओकाच्या एका विद्यापीठाने त्याला एप्रिलपासून जागा देऊ केली होती, मार्चमध्ये पदवी हातात पडली पाहिजे या अटीवर. फुकुओका त्याचं गाव, जपानच्या दक्षिणेचं. आमच्या सेंदाईची थंडी त्याला कधीच मानवली नाही, ऑक्टोबर लागला की हा आत दोन बनियन घालतो. त्याच्या प्रबंधाचा कणा म्हणजे हा चुंबक. चुंबक गेला तर प्रबंध गेला, आणि प्रबंध गेला तर फुकुओकाही गेलं. लेख लिहून तयार होता, सोमवारी पाठवायचा होता. आदल्या दिवशी, रविवारी, आमची इमोनी होती.

शरदात हिरोसे नदीच्या काठी दगडांची चूल मांडायची, मोठं पातेलं चढवायचं आणि त्यात अरवीचे कंद शिजवायचे. सेंदाईत त्यात डुकराचं मांस आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, पडतो. डोंगरापलीकडे यामागातात बीफ आणि सोया सॉस. आमचा ओनुमा यामागाताचा. माझ्याकडेच शिकला, आता एका कंपनीत सेन्सर बनवतो, पण इमोनीला न चुकता येतो आणि स्वतःचं वेगळं पातेलं घेऊन येतो.

"सेन्सेई, तुमच्या पातेल्यात आहे त्याला आमच्याकडे आजाऱ्याचं कढण म्हणतात," त्याने आल्या आल्या सुरू केलं.

"आणि तुमच्या पातेल्यात आहे ते आम्ही सोया सॉस सांडला म्हणून फेकून देतो," मी म्हटलं. "बूट काढ आणि बस. वर्षभर भेटत नाहीस, निदान भांडण तरी पोटभर होऊ दे."

एक मुलगी आमच्या सुरीने कांद्याच्या पाती कापत होती. कापत कसली, चिरडत होती. ओनुमाने तिच्या हातातून सुरी घेतली, बोट फिरवून बघितलं आणि नाक मुरडलं.

"ही सुरी आहे की चमचा?"

त्याचे वडील यामागातात सुऱ्या घडवतात. आजोबाही घडवायचे. पोरगा विद्यापीठात गेला तेव्हा घरी आठवडाभर अबोला होता म्हणे. त्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला दगड काढला, नदीच्या पाण्यात भिजवला, गुडघ्यावर बसला आणि सुरी घासायला लागला. तो घासताना मला नेहमीच बघावंसं वाटतं. खांदे हलत नाहीत, फक्त मनगटं. दगडावर करडा चिखल जमत होता आणि पाण्याबरोबर हळूहळू ओघळत होता.

सुरी झाली तसा किरितानी पुढे झाला. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून लाकडाची चिंचोळी पेटी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

"ओनुमासान, एवढं पण. या हंगामाची टोकं करायची राहिली होती."

पेटीत चिमटा होता. मी ओळखला. ओनुमा आम्हाला सोडून गेला त्या निरोपाच्या जेवणात त्याने हा किरितानीला दिला होता. वडिलांच्या भट्टीवर स्वतः घडवलेला, पोलादी, टोकं सुईसारखी. किरितानी तेव्हा नुकताच आला होता. नवख्या पोराला सीनियरने आपलं हत्यार द्यावं, तेही असं, याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं की बराच वेळ तो पेटी बंद करून नुसता धरून बसला होता.

"राहिली कशी? वसंतात तर पाठवला होतास," ओनुमा म्हणाला.

"हो, पण सप्टेंबरमध्ये तुम्ही ओसाकाला होतात."

"दर हंगामाला करत जाऊ. टोक बोथट असलं की माणूस जास्त दाबतो. जास्त दाबलं की स्फटिकाचा कोपरा तुटतो." त्याने टोकं घासली, उजेडात धरून बघितली, आणि किरितानीच्या मनगटावरचा एक केस नेमका उपटला. किरितानी कळवळला, मुलं हसली. ओनुमाने चिमटा अंगठ्याने पुसून परत दिला. त्याच अंगठ्याने त्याने किरितानीच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं, आणि पांढऱ्या बाहीवर करड्या चिखलाचा ठसा उमटला.

मी त्या ठशाकडे बघत राहिले. वाटी माझ्या हातात तशीच राहिली.

"किरितानी," मी विचारलं, "हा चिमटा तू कुठे कुठे वापरतोस?"

"सगळीकडे, सेन्सेई."

"चुंबक मोजायच्या यंत्राशेजारी प्लास्टिकचा टांगून ठेवलाय तो?"

"तो घसरतो. कोपरा नीट पकडत नाही." मग जरा थांबून, खाली बघत तो म्हणाला, "आणि हा ओनुमासाननी दिलाय."

ओनुमा पलीकडे चुलीत फुंकर घालत होता. त्याच्या कानावर यातलं काहीच गेलं नाही. वाटीतला अरवीचा कंद मी नुसता ढोसत बसले. कुणीतरी विचारलं, सेन्सेई, मीठ कमी आहे का? मी म्हटलं, नाही, छान झालंय.

इथे एक सांगायला हवं. चिमट्याची काहीच चूक नव्हती. ओनुमा माझ्याकडे होता तेव्हा सांध्यातली वीज मोजायचा. वीज मोजणाऱ्याला पोलादी चिमटा चालतो, लोखंडाचा एखादा कण स्फटिकाच्या कडेला चिकटला तर विजेला त्याचं काही वाटत नाही. किरितानी मोजतो चुंबक. आणि चुंबकाचं आमचं यंत्र इतकं हळवं आहे की डोळ्याला न दिसणारा लोखंडाचा कण त्याला डोंगराएवढा दिसतो. नुकत्या घासलेल्या टोकाने तसे कण किती सुटत असतील, ते मी नदीकाठी बसल्या बसल्या मनात मांडत होते आणि मला ते मांडायचं नव्हतं.

सोमवारी सकाळी किरितानी लेख पाठवायच्या तयारीत बसला होता. मी त्याच्या टेबलाशी गेले.

"आज पाठवू नकोस. आधी एक कोरा स्फटिक घे. डब्यातून रोज काढतोस तसाच काढ, त्याच चिमट्याने. पापुद्रा चढवू नकोस, काही करू नकोस. तसाच मोज."

"पण त्याच्यात सांधाच नाही, सेन्सेई."

"नाहीच आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. हुशार मुलगा आहे, त्याला समजायला वेळ लागत नाही. चेहरा कोरा झाला. मग त्याने मुकाट्याने पेटी काढली.

आम्ही स्फटिक सरबताच्या नळीत खोचून यंत्रात सोडतो. लाखमोलाचं यंत्र आणि त्यात सुपरमार्केटमधली नळी, यावर नवीन मुलं नेहमी हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण काय चाललंय ते कुणाला सांगितलंच नव्हतं. दुपारपर्यंत पडद्यावर रेषा उमटत गेली. सरळ यायला हवी होती. ती वळली, फिरून परत आली, आणि तिने चुंबकाचा तो ओळखीचा वळसा घेतला, जवळपास किरितानीच्या लेखातल्या चित्रासारखाच. कोऱ्या स्फटिकात. मग प्लास्टिकच्या चिमट्याने दुसरा कोरा स्फटिक काढून मोजला. रेषा सरळ.

मला राग आला. कुणावर ते कळेना. प्लास्टिकच्या चिमट्यावर ‘इथे हाच वापरा’ ही पाटी माझ्याच हातची होती, मोठ्या अक्षरांत, आणि ती वाचून मुलगा खिशातली पेटी उघडत होता. ओरडायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडे बघून मिटलं. तो यंत्रासमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या मुलासारखा.

"कोपरे आम्लात बुडवून बघू," तोच म्हणाला. "लोखंड असेल तर विरघळेल. सांध्याला काही होणार नाही."

"बघ. एखादा जुना नमुना घे."

"नाही. लेखातला घेतो. सगळ्यात चांगला."

"उद्या कर रे. जेवलास का तू?"

त्याने ऐकलं नाही. ज्या एका नमुन्यावर त्याचं फुकुओका उभं होतं, तो त्याने प्लास्टिकच्या चिमट्याने उचलला आणि त्याचे चारही कोपरे एकेक करून आम्लात धरले. मी शेजारी उभी होते आणि मनात चक्क देवाला म्हणत होते, राहू दे, थोडा तरी राहू दे. संध्याकाळी मोजलं तर चुंबक धुतला गेला होता. वीज मात्र सांध्यातून पहिल्यासारखीच धावत होती.

"बाकीच्या लोकांनाही असंच दिसलं असेल का, सेन्सेई?"

"काहींना असेल. काहींना खरंच काही दिसलं असेल. ते त्यांनी बघावं. आपल्याला दिसलं ते लोखंड होतं."

"हो," तो म्हणाला. "लोखंड होतं."

फुकुओकाला फोन मी केला. तिथले प्राध्यापक माझ्या ओळखीचे, भले गृहस्थ. फार हळहळले, पण जागा एप्रिलनंतर थांबवता येत नाही म्हणाले, आणि खोटं बोलत नव्हते. किरितानीने ऐकून घेतलं, वाकून आभार मानले आणि जागेवर जाऊन बसला. मला फार वाईट वाटलं. घरी नवरा म्हणाला, दुसरी मिळेल. मिळेलही, पण त्याच्या गावात नाही, आणि गेलेलं वर्षही त्याने परत येणार नाही.

मुलाला स्वतःला दुसरीच काळजी पडली होती.

"ओनुमासानना सांगू नका," दोन दिवसांनी तो माझ्या खोलीत येऊन म्हणाला.

"मग प्रबंधात काय लिहिणार?"

"हाताळताना नमुने दूषित झाले, एवढंच."

"खोटं नाही. पण वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग? चिमटे सगळेच वापरतात. नुकता घासलेला किती लोखंड सोडतो, वापरून जुना झालेला किती, हे मोजून लिहिलंस तर पुढे कुणाचं तरी वर्ष वाचेल. तुझं गेलंय, निदान दुसऱ्याचं वाचव."

"ते लिहिलं की त्यांना कळणारच."

"कळेल."

"दर हंगामाला आठवणीने विचारतात," तो म्हणाला. "टोकं कशी आहेत, म्हणून. घरच्यांनी तब्येत विचारावी तसं. त्यांना कसं सांगू की त्या टोकांनीच झालं?"

मला चुंबक मोजता येतो, असलं काही मोजता येत नाही. मी म्हटलं, "तू नाही सांगितलंस तर ते छापलेलं वाचतील. ते बरं का?"

त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं असावं, कारण शनिवारी सकाळी ओनुमा दारात उभा होता. कंपनीचा कोट, गळ्यात टाय, आणि काखेत फडक्यात गुंडाळलेला दगड. तो आत आला, पिशवी खाली ठेवली आणि किरितानीसमोर कमरेतून वाकला. वाकला तो वर येईना. किरितानी गडबडला आणि त्याच्याहून खाली वाकला. ते बघून ओनुमा आणखी वाकला. दोघांची डोकी जमिनीकडे, मधे यंत्र, आणि दारात मुलं श्वास रोखून उभी.

"उठा आता दोघं," मी म्हटलं. "यंत्र थंड ठेवणारं हीलियम उडून चाललंय. वाकायचं असेल तर सोमवारी वाका."

ओनुमा उठला तेव्हा डोळे लाल होते. "दगड आणलाय," तो म्हणाला. "नीट करून बघू. मी घासतो, तू उचल."

दिवसभर ते दोघं ते करत राहिले. ओनुमाने मोरीपाशी बसून टोकं घासली, पहिल्यांदा वडिलांच्या पद्धतीने, मग अंगठ्याने न पुसता, मग अल्कोहोलने धुऊन. प्रत्येक वेळी किरितानीने एक कोरा स्फटिक त्याच कोपऱ्याला, तेवढ्याच जोराने धरून उचलला आणि नळीत खोचला. बोलणं कमीच. दुपारी मी भाताचे गोळे आणून ठेवले, ते यंत्राकडे बघता बघता संपले. एकेक वळसा पडद्यावर येत गेला. नुकत्या घासलेल्या टोकाचा सगळ्यात मोठा, आणि वापर होत जाईल तसा लहान. धुतल्यावर कमी झाला, पण गेला नाही.

पहिला मोठा वळसा आला तेव्हा ओनुमा पडद्याच्या अगदी जवळ गेला.

"हा बाबांचा दगड," तो म्हणाला. मग कसंनुसं हसला. "आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कामाचं माप काढलं मी. आणि ते असं."

"नाव नाही लिहीत मी," किरितानी म्हणाला. "एक चिमटा, एवढंच लिहितो."

"माझं नाव लिही. कुणी घासला ते लिही. दगड कोणत्या जातीचा तेही लिही."

"नको, ओनुमासान."

"तू नाही लिहिलंस तर मी संपादकांना पत्र लिहीन. माझं इंग्रजी तुला माहीत आहे."

किरितानीला हसू फुटलं. आठवडाभरात पहिल्यांदा.

लेख हिवाळ्यात गेला, वसंतात छापून आला. लेखकांत ओनुमाचं नाव आहे, दगडाची जातही आहे. सांध्यात चुंबक नाही, असं आम्ही म्हटलं नाही. आमच्या नमुन्यांत होता तो कुठून आला, एवढंच म्हटलं. असल्या लेखाला टाळ्या पडत नाहीत. मार्चच्या निरोपाच्या जेवणात किरितानीच्या बरोबरीची मुलं निरोप घेऊन गेली आणि हा बाटल्या उचलत मागे राहिला. नवा प्रबंध लिहून पदवी मिळाली ती सप्टेंबरात. आता तो माझ्याकडेच वर्षाच्या करारावर आहे, आणि ऑक्टोबर लागला की दोन बनियन घालतो.

यंदाच्या इमोनीला ओनुमा बायकोला घेऊन आला. पातेलं आणलं, बीफ आणलं, आजाऱ्याचं कढण म्हणून आम्हाला चिडवलंही. पण दगड आणला नव्हता. त्या शनिवारनंतर त्याने तो हातात धरला नाही, असं त्याची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली. वडिलांकडे गेला तरी भट्टीपाशी जात नाही. आमची सुरी पुन्हा चमचा झाली होती आणि पोरं पाती हातानेच तोडून टाकत होती. ओनुमा ते बघत होता आणि बघितलं नाही असं दाखवत होता.

जेवण झाल्यावर किरितानी त्याच्यासमोर येऊन बसला. आतल्या खिशातून पेटी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

"ओनुमासान, टोकं करायची राहिलीत."

ओनुमाने पेटीला हात लावला नाही. "कशाला? वापरतोस कुठे हा आता?"

"लोखंड सोडायला," किरितानी म्हणाला.

ओनुमाच्या कपाळाला आठी पडली. चेष्टा वाटली असावी त्याला.

"खरंच. लेख आल्यापासून लोक पत्रं पाठवतात. नागोयाहून, कोरियातल्या पोहांगहून, एक जर्मनीहून. म्हणतात, तुमच्या चिमट्याने धरलेला कोरा स्फटिक पाठवा, आमच्या यंत्रावर लोखंड कसं दिसतं ते आधी बघू देत, मग आमच्या नमुन्यांवर विश्वास ठेवू. पण टोकं जुनी झाली. वळसा लेखातल्याएवढा येत नाही. मी स्वतः घासून बघितलं." तो ओशाळला. "मग तर दर वेळी वळसा वेगळाच यायला लागला. तुमच्यासारखं जमत नाही."

ओनुमाने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग हळूच म्हणाला, "दगड नाही आणलेला."

किरितानीने मागून प्लास्टिकची बादली ओढली. तळाशी पाण्यात एक नवा कोरा दगड पडला होता.

"सकाळपासून भिजतोय," तो म्हणाला.

ओनुमाने बाही वर केली, दगड बाहेर काढला, उलटासुलटा करून बघितला.

"कसला भिकार दगड आणलास," तो म्हणाला. मग गुडघ्यावर बसला आणि चिमट्यासाठी हात पुढे केला. "आण इकडे. आणि ती सुरी पण आण."